वेब्ली, कोल्ट १९११ की ल्यूगर: जुन्या लष्करी पिस्तुलांच्या परवडणाऱ्या प्रतिकृतींतलं कोणतं घ्यावं?

पहिल्या महायुद्धातलं अस्सल वेब्ली किंवा ल्यूगर आपल्या नावावर असावं असं वाटणारी माणसं साताऱ्यात कमी नाहीत. ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथं ते साहजिकच. पण ल्यूगरचं ९ मिमी, कोल्ट १९११ चं .४५ आणि वेब्ली मार्क सहाचं .४५५, ही तिन्ही काडतुसं प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या नळीच्या मापात मोडतात. तो परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाच्या हातात नसतो आणि हौसेसाठी तर मिळतच नाही. तेव्हा निवड करायची ती प्रतिकृतींमधूनच.

खऱ्या दारूगोळ्याची एक वाट आहे, ती आधी उरकून घेऊ. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली मार्क चारचाच अवतार. तीच मधून मोडणारी फ्रेम, तोच घोडा, फक्त बोअर लहान. परवाना लागतो: फॉर्म ए-१, पोलिस पडताळणी, हत्यार हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. मिळाला तरी काडतुसांचा कोटा ठरलेला, शेतात आवाज काढून बघायची सोय नाही आणि निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करण्याची नोटीस येऊ शकते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याला दर रविवारी शंभर गोळ्या मारायच्या आहेत त्याच्या कामाचं हे नव्हे.

राहिली सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसवर चालणारी ४.५ मिमीची एअर पिस्तुलं. बोअर ०.१७७ इंचापर्यंत आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. ही पिस्तुलं ऊर्जेच्या त्या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. ०.३३ ग्रॅमची स्टीलची गोळी सेकंदाला १२० मीटर वेगानं सुटली तरी हिशोब अडीच जूलच्या आत राहतो. ओळखपत्राची प्रत दुकानदाराला द्या, पक्कं बिल घ्या आणि त्याची झेरॉक्स पेटीतच ठेवा. परदेशी साइटवरून परस्पर मागवायच्या भानगडीत पडू नका, पार्सल कस्टम्समध्ये अडकतं.

हातात घेताक्षणी खरं वाटतं ते ब्लोबॅक १९११. प्रत्येक गोळीला स्लाइड मागं येते, गोळ्या संपल्या की मागंच अडकते आणि साफसफाईसाठी ते जवळजवळ मूळ कोल्टसारखंच सुटं होतं. या मजेची किंमत गॅसमध्ये मोजावी लागते: १२ ग्रॅमच्या एका सिलिंडरवर ४० ते ५० गोळ्या. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे सहा मीटरवर तळहाताएवढ्या वर्तुळात गोळ्या पडल्या तर समाधान मानायचं. बहुतेक मॉडेलांत सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि गोळ्या हे सगळं मॅगझिनमध्येच असतं. म्हणजे मॅगझिन हेच अर्धं पिस्तूल. ते शहाबादी फरशीवर एकदा आपटलं की वरचे ओठ वाकतात, मग एकाच वेळी दोन गोळ्या चढतात किंवा एकही चढत नाही. भरताना खाली सतरंजी टाका, आणि दुसरं मॅगझिन पिस्तुलाबरोबरच घ्या; वर्षभरानं त्याच मॉडेलचं मिळेल याची खात्री नसते.

वेब्ली मार्क सहा दोन प्रकारांत येतं: गुळगुळीत नळीचं स्टीलच्या गोळ्यांसाठी आणि आटे (आतून पीळदार खाचा) पाडलेल्या नळीचं शिशाच्या पॅलेटसाठी, म्हणजे छोट्या छर्ऱ्यांसाठी. ज्याला नेम धरायचा आहे त्यानं डोळे झाकून पॅलेटचं घ्यावं. स्लाइड हलवायला गॅस खर्च होत नाही, म्हणून एका सिलिंडरवर ६० च्या पुढं गोळ्या निघतात. अंगठ्यानं कळ दाबून फ्रेम मोडायची, सहा नकली काडतुसं वर उचलली जातात, प्रत्येकात एक पॅलेट बसवायचं. काम संथ आहे, पण त्यामुळेच माणूस दर गोळीला विचार करून मारतो. चूक होते ती पॅलेट बसवताना. त्याची कड काडतुसाच्या पातळीच्या वर राहिली की चक्री फिरताना घासते आणि अडते. जोर लावून ट्रिगर ओढला तर आतला खटका झिजतो. नखानं नको, पेन्सिलीच्या बोथट टोकानं दाबा. फ्रेम उघडताना नळीचं तोंड निशाणीकडे ठेवा आणि हात आखडू नका. अर्धवट उघडली तर एखादं काडतूस चांदणीखाली (काडतुसं वर उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) सरकून बसतं. आणि आट्यांच्या नळीत स्टीलच्या गोळ्या कधीही घालू नका, आटे ओरबाडले जातात.

ल्यूगर पी०८ बद्दल आमचं मत थोडं कडू आहे. हातात बसतं सुरेख, तिरकी मूठ आपोआप निशाणीकडे वळते. पण नेम धरायची साइट बारीक, आणि बाजारात उमारेक्स कंपनीची दोन मॉडेलं फोटोत सारखीच दिसतात: एकात वरचा गुडघ्यासारखा सांधा गोळीगणिक उघडतो, दुसऱ्यात तो नुसता शोभेचा. दोन्हींत २१ गोळ्या. पैसे देण्याआधी 'ब्लोबॅक आहे का' हे दुकानदाराकडून लेखी घ्या. शोकेसमध्ये ठेवायचं असेल तर ल्यूगर. चालवायचं असेल तर वेब्ली.

तिन्हींचा खरा मालक आपल्याकडची हवा. सीओटूचा दाब २० अंशाला सुमारे ५७ बार, ३० अंशाला ७२ बार. ३१ अंशांच्या वर आत द्रवरूप काही उरत नाही आणि दाब भराभर चढतो. एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा दाब इतका होतो की हातोडीला व्हॉल्व्ह ढकलता येत नाही आणि पिस्तूल मुकं होतं. बंद गाडीत सिलिंडर ठेवू नका. सकाळी नऊच्या आत सराव उरका. उलट डिसेंबरात महाबळेश्वरला पहाटे तेच पिस्तूल मरगळतं. भराभर मारल्यावरही असंच होतं: गॅस थंड पडतो, गोळ्या खाली पडू लागतात. दोन गोळ्यांत पाच-दहा सेकंद जाऊ द्या.

सिलिंडर बसवताना त्याच्या टोकावर सिलिकॉन तेलाचा एक थेंब. स्क्रू फिरवत न्या, 'फुस्स' आवाज आला की पाव फेरा आणखी आणि बस. बहुतेक गळत्या जास्त आवळून रबर कापल्यामुळे होतात. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. सोडा बनवायच्या ८ ग्रॅमच्या बाटल्या स्वस्त मिळतात म्हणून घ्याल, तर त्या बसणार नाहीत. काम झाल्यावर उरलेला गॅस सोडून सिलिंडर काढा. सातारा-वाई पट्ट्यात पावसाळ्यात स्क्रू, स्प्रिंगा आणि स्टीलची नळी आठवड्यात तांबूस दिसू लागते. रेक्झिनच्या पेटीत बंद करून ठेवण्यापेक्षा तेलाचा हात फिरवून कोरड्या कपाटात ठेवा.

निशाणीमागं काय आहे यावर डोळा वाचणं अवलंबून आहे. स्टीलची गोळी काळ्या दगडाच्या भिंतीवरून किंवा पत्र्यावरून सरळ मारणाऱ्याकडे उसळते. तिच्यासाठी जुनी घोंगडी दुहेरी करून खाली मोकळी सोडून टांगा. गोळी कापडात दम तोडून खाली पडते. शिशाच्या पॅलेटला वाळू भरलेली लाकडी पेटी चालते. चष्मा दोन्हीकडे हवाच, बघणाऱ्यांनासुद्धा. आणि तासगावकडच्या द्राक्षबागेत पाखरं उडवायला हे घेत असाल तर विसरा: पाखराला लागलं तर वन्यजीव कायदा, नाही लागलं तर पाखरू दोन मिनिटांत परत.

शुद्ध नेमबाजी शिकायची असेल तर हे सगळं सोडून साधं स्प्रिंगचं, नळी मोडून भरायचं एअर पिस्तूल घ्या. १० मीटरच्या स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं. प्रतिकृतींपैकी एकही तिथं टिकत नाही. गॅसचा खर्चही नाही. फक्त ते कशासारखंच दिसत नाही, आणि तुम्हाला तर दिसण्याचीच ओढ आहे.

सांगलीतल्या नाट्यमंडळींसाठी वेगळं: रंगमंचावर सीओटूचं पिस्तूल आणू नका, रिकामं असलं तरी. आत एखादी गोळी अडकून राहिलेली असते. जस्ताच्या मिश्रधातूची, नळी बुजवलेली शोभेची प्रत घ्या आणि तीही झोळीतच न्या. लांबून पोलिसाला दोन्ही सारखीच दिसतात.

वापरलेलं पिस्तूल घेताना दुकानात बसूनच सिलिंडर लावायला सांगा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग मारून बघा. पहिल्या पाच गोळ्या आणि पुढच्या पाच यांच्या आवाजात ठळक फरक जाणवला तर सील गेलेलं आहे. त्या मॉडेलचा सील-किट दुकानदाराकडे नसेल तर किंमत कितीही पाडली तरी ते घेऊ नका.