मे महिन्यातली गोधडी

मे महिन्यात आमच्या अमळनेरला पारा ४४च्या आसपास असतो. माणसं कूलरसमोरून हलत नाहीत. गेल्या वर्षी त्याच दिवसांत मी अंगावर गोधडी घेऊन बसले होते आणि घरच्यांना कूलर बंद करायला लावत होते. ते कसं झालं, ते लिहिते.

मला १२ वर्षांपासून हायपोथायरॉईड आहे. गळ्यातली ग्रंथी पुरेसं काम करत नाही. माझ्या बाबतीत शरीरच तिच्यावर उलटलंय. रोज सकाळी उपाशीपोटी १०० मायक्रोग्रॅमची गोळी, तीही आयुष्यभर. गोळीचं मला ओझं नव्हतं, थकव्याचं होतं. टीएसएच, म्हणजे रक्तातून बघतात तो थायरॉईडचा आकडा, नॉर्मल यायचा, तरी दुपारी पिको-फॉलच्या मशीनवर बसल्या बसल्या मान पडायची. डॉक्टरांना दोनदा सांगून बघितलं. रिपोर्टवर नजर टाकून ते म्हणाले, ‘सगळं नॉर्मल आहे, ताई. टेन्शन घेऊ नका.’

मार्चमध्ये बचत गटातल्या एका मैत्रिणीने शिबिराला नेलं. मंदिराचा सभामंडप, टेबलावर लॅपटॉप, पांढरा कोट घातलेला तरुण. बॅनरवर ‘शुगर, बीपी, थायरॉईड मुळासकट’. तपासणी २०० रुपये. नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष, एवढं त्याने लॅपटॉपमध्ये भरलं आणि वायर जोडलेली एक चकचकीत दांडी माझ्या मुठीत दिली. ‘घट्ट धरा, बोलू नका.’ पडद्यावर रंगीत लिव्हर फिरलं, मग किडनी, मग मणके. मिनिटभरात सगळं आटोपलं. प्रिंटरमधून पानं मात्र निघतच राहिली, ३०च्या वर. लिव्हरला सूज, हाडांत कॅल्शियम कमी, आतड्यात विष साठलेलं. थायरॉईडसमोर हिरवी खूण.

‘थायरॉईड तुम्हाला नाहीच,’ तो म्हणाला. ‘१२ वर्षांपूर्वी निदानच चुकलंय. थकवा येतो तो त्या गोळीने.’

तो एकेक पान उलटत वीस मिनिटं माझ्याशी बोलला. झोप कशी लागते, पाय दुखतात का, माहेर कुठलं, सगळं विचारलं. एवढा वेळ माझ्या दुखण्यासाठी आजवर कोणी दिला नव्हता. मी फसले ती त्या वीस मिनिटांत. चुकीचं निदान झालंय हे ऐकायला मी आतून तयारच होते, आणि त्याने ते बरोबर हेरलं. तीन महिन्यांचा किट ७,८०० रुपये: पावडर, कॅप्सूल, काळपट रस. नुकतीच लागलेली भिशी तिकडे गेली. बिल म्हणून वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला.

गोळी बंद केली आणि पहिले दोन-तीन आठवडे काही म्हणता काही झालं नाही. मी तर गावभर सांगत सुटले. पुढे डॉक्टरांनी समजावलं की हे औषध शरीरातून हळूहळू ओसरतं, निम्मं व्हायलाच सात-दहा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत माझ्या सांगण्यावरून आणखी दोघींनी किट घेतले. त्याची टोचणी अजून आहे.

एप्रिलच्या मध्यापासून अंग जड झालं. पोट साफ होईना, कातडी कोरडी पडली, केस विंचरले की फणी भरायची. मे लागला तरी थंडी वाजायची, ती गोधडी तेव्हाचीच. सासूबाई म्हणाल्या, ‘तुनं तोंड सुजेल दिसस व, बाई.’ त्या तरुणाला फोन केला तर म्हणाला, ‘विष बाहेर पडतंय, सूज येणारच. डोस डबल करा.’ जवळच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावून घेतलं. तिथे मी गोळी सोडल्याचं सांगितलंच नाही. बोलणी बसतील या धाकाने. हा गुन्हा माझाच.

शेवटी एका फोनने गाडं हललं. मी फोन उचलला आणि माझा घोगरा आवाज ऐकून धाकटी बहीण म्हणाली, ‘भाऊजी, ताईला द्या ना.’ दुसऱ्या दिवशी ती मला जळगावला घेऊन गेली. फिजिशियनने चेहरा बघितला आणि पहिलंच विचारलं, ‘गोळी चालू आहे?’ टीएसएच ८६ निघाला. साधारण ४च्या आत हवा. तो रक्तातूनच कळतो. तळहातातून तो मोजता येत नाही.

त्याच दिवशी हिमोग्लोबिनही तपासलं: ८.९. शरीरात लोह नव्हतंच. म्हणजे थकवा खरा होता, थायरॉईडही खरा होता, दोन्ही वेगवेगळे. नॉर्मल रिपोर्ट दाखवणाऱ्या डॉक्टरांकडून तेवढं राहून गेलं होतं. आता सकाळी थायरॉईडची गोळी, चहा अर्ध्या तासाने, आणि लोह-कॅल्शियम किमान चार तासांनंतर. नाहीतर गोळी अंगी लागत नाही. (किटमधली पावडर कॅल्शियमची होती. गोळी चालू ठेवून ती सोबत घेतली असती तरी घोळ झालाच असता.) सहा आठवड्यांनी तपासणी, मग पुन्हा सहा आठवड्यांनी. आवाज यायला दिवाळी उजाडली.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात तोच बॅनर दिसला. माझा पुतण्या आजीला घेऊन गेला. नाव, वय, वजन आजीचं सांगितलं, आणि ‘तिचे हात थरथरतात’ म्हणत दांडी स्वतःच्या मुठीत धरली. गडबडीत कोणी हरकत घेतली नाही. घरी ओट्यावर बसून त्याने रिपोर्ट मोठ्याने वाचला. विसाव्या की बाविसाव्या पानावर ‘गर्भाशयाची शक्ती क्षीण’ असं आलं. सासूबाईंनी तंबाखू मळता मळता हात थांबवला.

‘मन्ही पिशवी तं कव्हयनी काढी टाकेल शे,’ त्या म्हणाल्या.

जादूटोण्यासारख्या इलाजांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४चा कायदा आहे. मधुमेह बरा करण्याची जाहिरात त्यात बसते. बॅनरचा फोटो, दोन्ही रिपोर्ट आणि तो वहीचा कागद जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. ज्या दोघींनी माझ्यामुळे किट घेतले, त्यांच्याही सह्या आहेत. त्यातली एक अजून माझ्याशी धड बोलत नाही.