‘पंप गेलाय’ या दोन शब्दांचं बिल

नारळी पौर्णिमेच्या आधीचे आठ-दहा दिवस हा या फसवणुकीचा खरा हंगाम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी शाकारलेली, आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन, पडवीत उभं. ऑगस्ट उजाडला की सगळ्यांनाच एकदम पाण्यात उतरायचं असतं. मशीन दोरीला उठतं, हळू चालतं, खाडीच्या तोंडापर्यंत जातं आणि रेस वाढवली की बसतं. मिस्त्री टोप, म्हणजे मशीनचं वरचं झाकण, काढतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, “दादा, पंप गेलाय. नवाच टाकावा लागेल.” वीस वर्षांची जुनी टू-स्ट्रोक, त्यामुळे पटतंही. संध्याकाळी बिल येतं: फ्युएल पंप, मजुरी, ट्यूनिंग. जुना पंप मागितला तर उत्तर तयार, “तो टाकून दिला.”

पुष्कळदा तो टाकलेला नसतोच. तोच कार्ब क्लीनरने धुऊन, वर काळ्या रंगाचा फवारा मारून परत बसवलेला असतो. तरी मशीन चालतं, कारण बिघाड पंपात नव्हताच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला होता. तो मिस्त्रीने बोलता बोलता उघडला, एवढंच.

पंप आतून माहीत असेल तर ही लबाडी लगेच कळते. जुन्या टू-स्ट्रोकच्या या पंपाला वीज लागत नाही. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, जी ओढ आणि दाब तयार होतो, तो एका बारीक भोकातून (हेच पल्सचं भोक) पंपाच्या पडद्यापर्यंत, म्हणजे डायफ्रामपर्यंत, पोचतो. पडदा आत-बाहेर हलतो आणि दोन झडपा पेट्रोलला एकाच दिशेने जाऊ देतात. झालं, एवढाच पंप. त्यात खराब होण्यासारखं काय? पडदा, झडपा, पॅकिंग आणि काही पंपांत एखादी स्प्रिंग. हे सगळं रिपेअर किटमध्ये मिळतं, आणि किटची किंमत अख्ख्या पंपाच्या मानाने फारच थोडी असते. बॉडी बदलायची ती चिरली असेल, नळी बसवायचं तोंड मोडलं असेल किंवा खारट पाण्याने तिचा जोड खड्डे पडण्याइतका खाल्ला असेल तरच. त्यामुळे बॉडी न दाखवता कुणी थेट ‘नवा पंप’ म्हणाला की पाकिटावरचा हात काढायचा नाही.

मिस्त्रीला बोलावण्याआधी दहा मिनिटांची तपासणी स्वतःच करावी. मशीन पाण्यात, लोडवर, पूर्ण रेसला न्या. ते बसायला लागलं की दुसऱ्या माणसाने टाकीपासून मशीनकडे येणाऱ्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहावं. बल्ब दाबताच मशीन उचल खात असेल तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. पण पंपच दोषी असं अजून ठरत नाही. बल्ब चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू बंद, टाकीतल्या नळीची जाळी तुंबलेली किंवा आतून सोललेली जुनी नळी. बल्ब कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठून तरी हवा घेतोय, किंवा बल्बची स्वतःची झडप गेलीय. बहुतेक वेळा मशीनला नळी जोडतो त्या कनेक्टरमधली रबरी रिंग चिरलेली निघते. मशीनच्या आधी वीतभर पारदर्शक पेट्रोल नळी लावून बघा. बुडबुडे दिसले की हवेची गळती सिद्ध. बल्बवरचा बाणही पाहा, तो मशीनकडे हवा. उलटा बसवलेला बल्ब ‘पंप गेला’ म्हणून दाखवलेला आहे, हसू नका.

फाटलेल्या पडद्याची खूण वेगळी. पेट्रोल पडद्यातून थेट क्रँककेसमध्ये जातं, मशीन काळपट धूर सोडतं, हळू रेसला अडखळतं आणि ज्या सिलिंडरवरून पंप चालतो त्याचा प्लग ओला निघतो. पंप उतरवल्यावर पल्सच्या भोकात पेट्रोल दिसलं तर पडदा गेला, वाद नाही. झडपांसाठी मोठी सिरिंज आणि नळीचा तुकडा पुरतो. येणाऱ्या तोंडातून हवा ढकलली की जाणाऱ्या तोंडातून निघाली पाहिजे. जाणाऱ्या तोंडातून ढकलली तर अडली पाहिजे. तोंडाने फुंकू नका, पेट्रोल पोटात जाईल.

आता मालाची फसवणूक. नकली किटमधला पडदा आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये टिकत नाही. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. साधं रबर त्यात फुगतं, आणि मशीन उभं राहून सुकलं की कडक होतं. पहिले काही दिवस झकास, मग तीच बसकण. जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मशीनच्या मालकांनी जास्त सावध राहावं. त्या बनवणारी ओएमसी कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, म्हणून ‘ओएमसीचं सीलबंद ओरिजिनल’ खरं असलं तरी आतलं रबर पाव शतक जुनं आहे. पाकीट जुनं असेल तर पडदा बोटांत दुमडून पाहा. चिरा दिसल्या तर परत द्या.

याच मशीनमध्ये १९८४ पासून व्हीआरओ नावाचा पंप आला, जो पेट्रोल ओढतो आणि त्यात ऑइलही मिसळतो. तो काढून साधा पंप बसवता येतो, पण मग टाकीत हाताने ऑइल मिसळावंच लागतं: ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. हे न सांगता पैसे घेऊन निघून जाणारा मिस्त्री नुसता पैसे खात नाही, मशीनच मारतो. मर्क्युरीच्या ६ ते १५ हॉर्सपॉवरच्या काही मशीनमध्ये डाव उलटा असतो. तिथे पंप कार्ब्युरेटरच्याच अंगात आहे, म्हणून एका पडद्यासाठी अख्ख्या कार्ब्युरेटरचं बिल फाडलं जातं.

आणि गाडीचा इलेक्ट्रिक पंप ‘कायमचा उपाय’ म्हणून कुणी सुचवला तर त्याला तिथूनच परत पाठवा. त्याचा दाब जास्त असेल तर कार्ब्युरेटरची सुई पेट्रोल अडवू शकत नाही, आणि मशीन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ढकलतच राहतो. टोपाखाली पेट्रोल साचलं की एक ठिणगी पुरते.

काम स्वतः करायचं असेल तर अवघड नाही. मशीन थंड, टाकीची नळी काढलेली, प्लगच्या कॅप उतरवलेल्या. नळ्यांचा आधी मोबाईलवर फोटो. बहुतेक पंप दोन बोल्टवर असतो, १० नंबरचा पाना लागतो. नळी पक्कडीने ओढू नका, प्लास्टिकचं तोंड मोडतं. पिळून सैल करा, नाहीतर नळी कापून नवी घाला. पंप उघडण्याआधी बॉडीच्या सगळ्या थरांवरून एक तिरपी रेघ ओढा, म्हणजे थर त्याच क्रमाने आणि त्याच दिशेने बसतात. पॅकिंग उलटं बसलं तर पल्सचं भोक झाकलं जातं आणि नवा पंपही मेलेला वाटतो. जोडाला सिलिकॉन लावू नका. ते पेट्रोलमध्ये सुटतं आणि त्याच भोकात जाऊन बसतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. शेवटी बल्ब कडक होईपर्यंत दाबा आणि पाच मिनिटं गळती पाहा.

मिस्त्रीकडेच द्यायचं असेल तर देण्याआधी पंपाच्या बॉडीवर, मागच्या बाजूला, खिळ्याने बारीक खूण करा. नेलपॉलिशचा ठिपका कार्ब क्लीनरने पुसला जातो, ओरखडा राहतो. जुना पंप आणि किटचं रिकामं पाकीट परत हवं, हे काम सुरू होण्याआधी सांगा. नंतर मागितलं की ‘टाकून दिलं’ हे ठरलेलं. पाण्याच्या ड्रममध्ये चालवून दाखवलेलं मान्य करू नका. बिनलोड मशीनला पेट्रोल इतकं कमी लागतं की अर्धामेला पंपही ते पुरवतो. ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक पूर्ण रेसला ताशी १५ लिटरच्या आसपास पिते, कसोटी तिथे लागते. होडी पाण्यात, पूर्ण रेस, दहा मिनिटं. त्या वेळात मिस्त्रीचा हात बल्बवर गेला तर पैसे देऊ नका.

पेट्रोल कमी पडत असताना चालढकल का परवडत नाही? टू-स्ट्रोकचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, पिस्टन तापतो, रेघोट्या पडतात आणि एक दिवस दोरी ओढलीच जात नाही. मग तोच मिस्त्री बोअरिंग आणि पिस्टनचं दुसरं बिल घेऊन येतो.

बिल छापील घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. फसवणूक उघड झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ‘होडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी ऐकवलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू धंद्याची धरत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. खुणेचा तो पंप, पाकीट आणि बिल एका पिशवीत बांधून ठेवा. पण पिशवी घरात नको, पेट्रोलचा वास दोन वर्षं जात नाही.