जिवंत डास, कापून काढलेली ऊती की पेशींचा वाण?

कीटकांमार्फत पसरणारा परजीवी प्रयोगशाळेत वाढवायचा, तर हे तीन पर्याय समोर असतात; पेशींचा वाण म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढत राहणाऱ्या कीटकपेशी. परजीवीची कोणती अवस्था हवी आहे, हे आधी नक्की करा. निम्मी निवड तिथेच होते.

लीश्मानियावर (काळा आजार पसरवणाऱ्या परजीवीवर) काम असेल, तर कीटकाच्या ऊतीची गरजच नाही. वालुमाशीच्या पोटातली प्रोमॅस्टिगोट (शेपटीसारखा कशाभ असलेली) अवस्था रक्त-अगार माध्यमात साधारण 25 अंश सेल्सिअसला सहज वाढते. फक्त वारंवार नव्या माध्यमात हलवत राहिलं, की तिची रोगकारक क्षमता ओसरत जाते. म्हणून पहिलाच साठा गोठवून ठेवा.

त्सेत्से माशीतून पसरणाऱ्या ट्रिपॅनोसोमा ब्रूसी या परजीवीची माशीच्या आतड्यातली अवस्थाही नुसत्या माध्यमात वाढते, पण तिच्याने संसर्ग होत नाही. 1977 मध्ये कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी तिला त्सेत्से माशीच्या लाळग्रंथींसोबत वाढवलं, तेव्हा गमावलेली संसर्गक्षमता परत आली. ऊतीची खरी किंमत कळते ती इथे. त्रासही तितकाच: प्रत्येक वेळी ताजं विच्छेदन, आतड्यासोबत येणारे जिवाणू, आणि आजचा नमुना कालच्यासारखा वागेल याची खात्री नाही.

खरी अडचण मलेरियाची. माणसाला होणाऱ्या मलेरियाच्या प्लास्मोडियम फाल्सिपॅरम या परजीवीची रक्तातली अवस्था 1976 पासून मानवी लाल पेशींमध्ये सलग वाढवता येते. डासाचा तिथे संबंधच नाही. उंदरांच्या प्लास्मोडियम बर्घेईचे ऊकिनीटही (डासाच्या आतड्याची भिंत भेदणारी अवस्था) साधारण दिवसभरात नळीत तयार होतात. अडतं ते त्यापुढच्या ऊसिस्टपाशी, म्हणजे ज्या गाठीत स्पोरोझोइट (डासाच्या चाव्यातून शरीरात शिरणारी अवस्था) तयार होतात तिथे. तो डासाच्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूला, आधारपटलाखाली (आतड्यावरच्या पातळ आवरणाखाली) बसतो आणि कित्येक दिवस वाढत राहतो. ही जागा नळीत कशी उभी करायची? वॉरबर्ग आणि मिलर यांनी 1992 मध्ये कोंबड्यांच्या मलेरियासाठी आधारपटलासारखं जेल आणि फळमाशीच्या पेशींचा वाण एकत्र वापरून ते जमवलं. त्यातली कल्पकता मला आजही थक्क करते. 2002 मध्ये बर्घेईचा डासातला पूर्ण प्रवास नळीत झाला, तर 2022 मध्ये फाल्सिपॅरमचे संसर्गक्षम स्पोरोझोइट डासाविना तयार झाले.

तरीही पहिल्यांदाच स्पोरोझोइट हवे असतील, तर मी जिवंत ॲनोफिलीसच (मलेरिया पसरवणारा डास) निवडेन. सुमारे दोन आठवडे थांबावं लागतं, बंदिस्त कीटककक्ष लागतो, लाळग्रंथी हाताने काढाव्या लागतात. पण एका डासातून हजारो मिळतात आणि ते नैसर्गिक वाटेने पिकलेले असतात. ऊसिस्ट रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असेल किंवा औषध नेमक्या वेळी घालायचं असेल, तर पेशींचा वाण घ्या. तेव्हाही तुलनेसाठी डासांची एक छोटी तुकडी सोबत ठेवाच, आणि नळीतले स्पोरोझोइट निरुपद्रवी समजून हाताळू नका.