अल्बर्टातलं तेल: उघडी खाण की वाफ?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात घट्ट तेल वाळूत मिसळलेलं असतं. ते उघड्या खाणीत वाळू खणून काढतात, नाहीतर जमिनीत वाफ सोडून पातळ करून वर ओढतात. तिथे एडमंटनला शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, प्रबंधासाठी उघडी खाण घेऊ की वाफेची पद्धत?"

जमिनीच्या बाबतीत खाण सरळसरळ क्रूर. झाडं, त्याखालचं पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), सगळंच खरवडून काढतात आणि हजारो वर्षांत साचलेलं पीट परत येत नाही. पाण्याचंही तेच: खाणीतला गाळ साठवलेल्या विषारी तळ्यात २००८ साली सुमारे १६०० बदकं मेली.

वाफेने जंगल कमी तुटतं, पण वाफेसाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. शिवाय जमिनीखालचं तेल शोधणाऱ्या भूकंपीय सर्वेक्षणासाठी जंगलात पाडलेल्या सरळ पट्ट्यांवरून लांडगे सहज कॅरिबू हरणांपर्यंत पोहोचतात. मला हेच जास्त छळतं, कारण सुमारे ८० टक्के साठा खोल आहे, तो खाणीने निघत नाही.

पाणी, माती अभ्यासायची तर खाण घे. वन्यजीव असतील तर वाफ.