१००० की १०२४? डिस्क घेण्याआधी कुठला हिशोब धरायचा

भाच्याने यंदा लग्नांची शूटिंगं स्वतःची म्हणून घ्यायला सुरुवात केली आणि नाशिकच्या एमजी रोडवरून एक टीबीची पोर्टेबल डिस्क आणली. संध्याकाळी त्याचा फोन. "मामा, फसवलं की हो मला! खोक्यावर एक टीबी लिहिलंय आणि लॅपटॉपवर ९३१ जीबीच दिसताहेत."

फसवलं कोणीच नव्हतं. ज्यांच्या घरी थोडीफार शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि गावात बोलणं चालतं एकर-गुंठ्यांत. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १,०७६ चौरस फुटांचा. बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. जमीन तेवढीच राहते, माप बदललं की आकडा बदलतो. डेटाचंही तसंच आहे, फक्त इथे दोन्ही मापांना एकच नाव पडलंय, जीबी. सगळा घोळ त्या नावात आहे.

डिस्क बनवणाऱ्या कंपन्या १००० च्या पटीने मोजतात. त्यांचा एक जीबी म्हणजे नेमके शंभर कोटी बाइट आणि एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. आपल्या लाख-कोटींत हे इतकं सरळ बसतं की मला हेच माप जवळचं वाटतं. विंडोज मात्र १०२४ च्या पटीने भागत जातं. त्याच्या लेखी एक जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. माप मोठं, म्हणून आकडा लहान. या १०२४ वाल्या मापाला १९९८ मध्येच गिबिबाइट असं वेगळं नाव देण्यात आलं, पण विंडोजने पाटी बदलली नाही, ते आजही जीबीच लिहितं. मॅकने २००९ पासून १००० चा हिशोब धरला. त्यामुळे भाच्याची तीच डिस्क त्याच्या एडिटरच्या मॅकला लावली की पूर्ण एक टीबी दिसते.

खात्री करायची असेल तर विंडोजमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे प्रत्येक ओळीत दोन आकडे असतात, डावीकडे लांबलचक बाइट आणि उजवीकडे छोटा जीबी. खरा आकडा डावीकडचा. तो कुठल्याच मापावर अवलंबून नाही.

खोक्यावर २५६ जीबी असेल तर विंडोजवर २३८ दिसतात, ५०० चे ४६५, २ टीबीचे १.८१ टीबी आणि ४ टीबीचे ३.६३. लक्षात घ्या, माप जितकं मोठं तितकी तफावत वाढत जाते. केबीला ती जेमतेम २.४ टक्के असते, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळजवळ १०. पेन ड्राइव्हच्या काळात कुणी लक्ष दिलं नाही ते यामुळेच. आता चार टीबीच्या डिस्कवर हाच फरक साडेतीनशे जीबीच्या पुढे जातो.

मला हे शिकवलं एका रात्रीने. गंगापूर रोडच्या एका लग्नाचं सगळं काम जुन्या दोन टीबीच्या डिस्कवर होतं आणि विंडोज ९५० जीबी वापरल्याचं दाखवत होतं. सकाळी डिस्क पार्टीला द्यायची होती. ९५० म्हणजे हजाराच्या आत, असं धरून मी एक टीबीची नवी डिस्क आणली आणि एकेक फोल्डर टाकत बसलो. पहाटे दोनला शेवटच्या फोल्डरला जागा नाही असा निरोप आला. नेमका तो पाठवणीचा फोल्डर होता. ९५० हा आकडा १०२४ च्या हिशोबाचा होता. बाइटमध्ये ते होतात १ लाख २ हजार कोटींच्या वर, आणि नवी डिस्क एक लाख कोटींची. मग ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह शोधला, तर तो फॅट३२ या फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नाही. पुन्हा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून उरलेलं भरलं तेव्हा उजाडलं होतं.

तेव्हापासून माझा निर्णय पक्का आहे. डिस्क घेणं, कार्ड घेणं, शूटिंगचा अंदाज काढणं, या सगळ्याला १००० चाच हिशोब. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट लिहिले जातात तो आकडाही त्याच मापात असतो. आठ बिटांचा एक बाइट. १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) फोर-के शूट केलं तर आठाने भागून सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८५ मिनिटं. कुठेही १०२४ आणायची गरज पडत नाही.

१०२४ लागतो तो विंडोजच्या पडद्यावरचा आकडा वाचताना. त्याला १.०७४ ने गुणा, खोक्यावरच्या मापातला आकडा मिळेल. टीबीत दिसत असेल तर १.१ ने गुणा. रॅमची गोष्ट वेगळी. तिथे मेमरीतली जागा शोधायला पत्त्याच्या तारा असतात; एकेक तार वाढली की जागा दुप्पट होते, दहा तारांना १०२४, म्हणून ८ जीबी रॅम खरोखरच १०२४ च्या मापाची असते आणि विकतानाही तशीच विकतात. त्यात बदल करायला जाऊ नका.

इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात, हे विसरणारे मला रोज भेटतात. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी जातात. पूर्ण वेग मिळाला तरी एक टीबी पाठवायला २२ तासांहून जास्त लागतात. पुण्याच्या पार्टीला एवढा डेटा द्यायचा असेल तर मी डिस्क घेऊन सकाळच्या एसटीत बसतो.

भाच्याच्या डोक्यात आता २०२७ चा सिंहस्थ आहे. रामकुंडावर दोन कॅमेरे लावायचे, रोज सहा-सहा तास. परवा आम्ही वहीत मांडून बघितलं. बारा तासांचे ५४० जीबी. एक टीबीच्या डिस्कवर दोन दिवससुद्धा निघत नाहीत, १,०८० होतात. विंडोजच्या मापात मात्र ते १,००५ जीबीच्या आसपास भरतात, आणि पाच जीबी इकडेतिकडे करून बसवू असं वाटेल. दोन टीबीवर तीन दिवसांचे १,६२० बसून वर ३८० उरतात. त्याने दोन टीबीच्या दोन घ्यायच्या ठरवल्या आहेत, एक बॅगेत आणि दुसरी त्याच डेटाची कॉपी म्हणून पंचवटीत आमच्या घरी. ९३१ वाली डिस्क लग्नांसाठी राहील. तिच्यावर त्याने मार्करने लिहिलंय: एक लाख कोटी बाइट.