परदेशी उपचारांचे सल्ला केंद्र : माहिती उत्तम, अंदाजपत्रक अपुरे

पुतण्याला अप्लास्टिक ॲनिमिया (अस्थिमज्जेत पुरेशा रक्तपेशी तयार न होण्याचा आजार) झाल्याचे निदान झाल्यावर आम्ही सोलापुरातील सात रस्ता परिसरातील एका सल्ला केंद्रात गेलो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी प्रत्येक सख्ख्या भावंडाशी एचएलए (पेशींवरील ओळखखुणा) पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते, आणि दाता न मिळाल्यास घोड्यापासून तयार केलेले एटीजी हे प्रतिपिंडांचे औषध, प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन व रक्तपेशींच्या निर्मितीला चालना देणारे एल्ट्रोम्बोपॅग असा औषधोपचार करता येतो, हे तेथील डॉक्टरांनी सावकाश समजावले. अमेरिकेत बेथेस्डा येथील सरकारी संशोधन रुग्णालयात अभ्यासासाठी निवडलेल्या रुग्णाकडून उपचारांचे पैसे घेतले जात नाहीत, हेही त्यांनी आपणहून सांगितले. दलालीवर डोळा असणारा हे सांगणार नाही. खर्चाच्या कागदात मात्र नोंदणीकृत दात्याचा शोध, तसेच प्रत्यारोपणानंतर रुग्णालयाजवळ सुमारे १०० दिवस राहण्याचे भाडे, यांचा उल्लेखही नव्हता. सल्ल्याचे शुल्क वाजवी वाटले.