पद्मिनीतलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन: दसरा ते पोळा

गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. गेल्या दसऱ्याला पूजेच्या आदल्या दिवशी पॉइंट-कंडेन्सर (प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलचा करंट तोडणारा यांत्रिक स्विच आणि त्याचा जोडीदार) काढून, तेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं करणारं, चुंबकाची रिंग आणि मॉड्यूल असलेलं किट बसवलं. आता पोळा तोंडावर आलाय. मधल्या काळात गाडी साडेपाच हजार किलोमीटर पळाली, बहुतेक परभणी-जिंतूर-जालना याच रस्त्यावर.

बसवायचं कारण एकच. दर दोन महिन्यांनी पॉइंट जळायचे. तोंडं निळी-काळी, मधे खड्डा. पॉलिश पेपर मारा, फीलर गेजच्या पातळ पट्टीनं गॅप लावा, की चार दिवस बरे. पॉइंटला काम कमी नसतं म्हणा. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर असताना तो सेकंदाला १०० वेळा उघडतो. त्याचं फायबर डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना पाळीनं ठिणगी वाटणारा भाग) फिरत्या कॅमवर घासून झिजतं, गॅप कमी होतो आणि ठिणगीचं टायमिंग मागं पडतं. कॅमला किंचित ग्रीस लावलं तर झीज मंदावते. पण जळणं वेगळं आणि झिजणं वेगळं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

किटनं पहिल्याच थंडीत मन जिंकलं. सकाळी अर्ध्या सेल्फला गाडी चालू. माझ्या डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजलेला, शाफ्ट थोडा हलतो. पॉइंटवर असताना त्यामुळं स्लोला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना, गाडी अडखळायची. ते बरंच कमी झालं. अॅव्हरेजमध्ये मात्र काडीचा फरक नाही. आणि पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल धरली की हीसुद्धा तशीच रुसते, कारण कॅप आणि रोटर जुनेच. फडक्यानं पुसायचं, दुसरा इलाज नाही.

मे महिन्यात, भर दुपारी, जिंतूरच्या अलीकडं गाडी बंद पडली. खोकली नाही, झटके नाहीत. दिवा विझावा तशी गेली. कॉइलला हात लावला तर चटका बसला. आमचे मिस्त्री चाचा दसऱ्यालाच म्हणाले होते, "गुरुजी, पॉइंट आजारी पडतो, हे एकदम मरतं. कामून जुनं फेकता? डिकीत राहू द्या." त्यांचं ऐकलं होतं म्हणून वाचलो. लिंबाखाली उभं राहून रिंग काढली, जुनी पॉइंटची प्लेट आणि कंडेन्सर लावला, वायर कॉइलच्या मायनसला दिली. अर्ध्या तासात गाडी चालू.

घरी येऊन वायरी सोडवून कॉइलला मल्टिमीटर लावला. दीड ओहम! ही करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरबरोबर चालणारी कॉइल, आणि गाडीत रेझिस्टर कुठंच नाही. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी मिळेल ती ठोकून दिलेली. १२ व्होल्टला तीन ओहमची कॉइल जास्तीत जास्त चार अँपिअर ओढते, ही आठपर्यंत जाते. पॉइंट दोन महिन्यांत जळायचे ते यामुळं आणि मॉड्यूलही त्यातच भाजलं. वर इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून रेडिओ ऐकायची माझी सवय. ती पॉइंट आणि मॉड्यूल दोन्हींना वाईट, मॉड्यूलला जास्त.

तीन ओहमची कॉइल लावून पाच आठवडे मुद्दाम पॉइंटवरच गाडी चालवली. उघडून पाहिलं तर तोंडं अजून चकचकीत. म्हणजे वर्षानुवर्षं पॉइंटवर घेतलेला आळ खोटा होता.

तरी नवं मॉड्यूल घेतलं, हलत्या शाफ्टसाठी. शाफ्ट घट्ट असता आणि गाडी गावातच फिरत असती, तर साडेचार हजार घातले नसते. किट घेणाऱ्यांनी आधी कॉइल मोजा, आणि प्लगच्या वायरी कार्बनच्या टाका. साध्या तांब्याच्या वायरींचा त्रास मॉड्यूलला होऊ शकतो.

जुनी कॉइल चाचांनी मागितली, "कुठंतरी चालंल" म्हणून. टर्मिनल तोडून मगच भंगारात दिली.